एका गाडीचा जीर्णोद्धार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या अगोदरच्या वक्त्यांनी ज्ञानेश्वरीपासून तंजावरच्या मोडी कागदपत्रांपर्यंत अनेक थोर विषयांचा परामर्श घेतला. त्यांच्यामागून मोटारगाडीच्या दुरुस्तीवर बोलण्यास उभे राहणे म्हणजे पंचपक्वान्नांच्या पंगतीत भाकरी-पिठले वाढण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि चिटणीसांचा आग्रह असा की, मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत आणि आमच्या घरची गाडीही 1975 सालचीच; तेव्हा तिच्याविषयी कोणीतरी दोन शब्द बोलावेत. आणखी एक खुलासा. या भाषणात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो अधिकारवाणीचा नव्हे. आमच्या मातोश्री, सौभाग्यवती, दोन मुले आणि प्रस्तुत वक्ता अशा पाच जणांनी मिळून हे काम केले, म्हणून आम्ही.

प्रथम या गाडीचे कुळ सांगितले पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या देशात मोटार घेणे म्हणजे तीन शहरांपैकी एकाची निवड करणे होते. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला अ‍ॅम्बॅसडर बनत असे, मुंबईत कुर्ल्याला फियाट, आणि आपल्या या मद्रासेत स्टँडर्ड. कुर्ल्याचा कारखाना प्रीमियर कंपनीचा. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी ती कंपनी 1944 साली स्थापन केली. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनल्याच पाहिजेत, असा ध्यास घेतलेला हा पुरुष. इटलीतील फियाट कंपनीशी करार होऊन तिच्या अकराशे जातीच्या गाड्या कुर्ल्याला तयार होऊ लागल्या. 1964 पासून तिचे सुधारित रूप 'डिलाइट' या नावाने विकले जाऊ लागले. पुढे थोडा काळ ती 'प्रेसिडेंट' झाली आणि 1974 पासून चितोडच्या राणीचे नाव धारण करून 'पद्मिनी' म्हणून देशभर मिरवली. लोकांनी मात्र तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले. इटलीत हे मॉडेल 1966 सालीच बंद झाले होते. कुर्ल्यात ते त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ बनत राहिले. माहेरी विसरलेली लेक सासरी नांदावी, तशी ही गाडी आपल्याकडे नांदली.

आमच्या वडिलांनी नाव नोंदवून, वर्षानुवर्षे वाट पाहून 1975 साली ती घेतली आणि मद्रासेस आणली. मातोश्रींनी 1981 साली याच गाडीवर वाहन चालविण्याचा परवाना मिळविला. 2009 साली वडील गेले, गाडी मातोश्रींच्या नावावर झाली, आणि हळूहळू ताडपत्रीखाली गेली. 2015 च्या डिसेंबरातील महापूर आपणांपैकी पुष्कळांनी अंगावर घेतलेला आहे. त्या वेळी आमच्या आवारात साचलेले पाणी गाडीच्या दारांच्या खालच्या कडेपर्यंत चढले आणि दोन दिवस उतरले नाही. आधीच समुद्राची खारी हवा, त्यात हा पूर. 2022 साली ताडपत्री काढली तेव्हा चालकाच्या पायाखालून अंगणातील फरशी दिसत होती.

आता प्रश्न होता तो पुढे काय करावयाचे हा. भंगारवाला वजनावर किंमत द्यावयास तयार होता. दुसरीकडे जुन्या गाड्यांचे एक शौकीन ती उचलून नेऊन, लखलखीत करून दिवाणखान्यात ठेवण्यास तयार होते. आणि मातोश्रींचे, त्या वेळी ब्याऐंशी वर्षांच्या, म्हणणे एकच होते: "चालणार असेल तर ठेवा. नुसती पुसत बसायची असेल तर देऊन टाका." पुढील अठरा महिन्यांत जे जे निर्णय घ्यावे लागले ते सर्व या एका वाक्याच्या कसोटीवर घेतले गेले.

कायद्यानेही नेमका हाच प्रश्न आमच्यापुढे ठेवला होता. 2021 च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी 'व्हिंटेज' हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. अशा वाहनास 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. प्रथम नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. परंतु अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याच्या सांगाड्यात, कवचात वा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि दुसरी अट अशी की असे वाहन प्रदर्शन, मेळावे अशा निमित्तांनी रस्त्यावर आणता येते, नित्याच्या वापरासाठी नव्हे. दुसरा मार्ग सर्वसाधारण नोंदणीचा. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षे चालते, त्यानंतर नमुना 25 भरून, तपासणी करवून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. दिल्ली व तिच्या परिसरात जुन्या वाहनांवर न्यायालयीन निर्बंध आले, तसे आमच्या सुदैवाने येथे आमच्या गाडीस लागू नव्हते. एक मार्ग संग्रहालयाचा, दुसरा रस्त्याचा. मातोश्रींच्या कसोटीने दुसरा निवडला गेला.

मात्र रस्ता निवडला की जबाबदारी येते. 1975 च्या रस्त्यांवर जी गाडी शोभत होती ती तशीच आजच्या वाहतुकीत सोडणे हे जतन नव्हे, तो अविचार होय. पुढची मोटार आधुनिक ब्रेक लावून जागच्या जागी थांबते, तेव्हा मागच्या फियाटनेही थांबले पाहिजे. सारांश, काही बदलणे अटळ होते. मग बदल कोठवर? 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की, नोंदणी-पुस्तिकेतील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. कायद्याची ही चौकट मान्य करून आम्ही एका वहीत तीन याद्या केल्या. पहिली, जे राखावयाचे: कवच, एंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची अखंड बैठक, रंग. दुसरी, जे सुधारावयाचे: ज्यावर जीव अवलंबून आहे ते सर्व. तिसरी, जे नाकारावयाचे: केवळ हौसेचे. दुसऱ्या यादीस आणखी एक पोटनियम जोडला. बसविलेली प्रत्येक नवी वस्तू काढून जुनी पुन्हा बसविता आली पाहिजे, आणि काढलेली जुनी वस्तू तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवली पाहिजे.

खर्चाची मर्यादा दोन लाख रुपये ठरली, आणि अनपेक्षित बाबींसाठी वर दहा टक्के. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसास अंदाजपत्रकावाचून झोप येत नाही, असे सौभाग्यवती म्हणतात, ते खरे आहे. मर्यादा पाळण्याचे सूत्र सोपे होते. ज्या कामाला वेळ व चिकाटी लागते ते घरी. ज्याला यंत्र किंवा कसबी हात लागतो ते बाहेर. उकलणे, घासणे, धुणे, जुळविणे, तारा जोडणे ही कामे आमची. बोअरिंग, वेल्डिंग व अखेरचा रंग ही कारागिरांची.

2022 च्या दसऱ्याला, म्हणजे 5 ऑक्टोबरला, हत्यारांची पूजा करून गाडी उकलावयास घेतली. उकलणे सोपे, लक्षात ठेवणे कठीण. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, काढल्यावर डब्यात ठेवून डब्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीचा क्रमांक वहीत, अशी पद्धत कन्येने घालून दिली. चिठ्ठ्या सौभाग्यवतींनी मराठीत लिहिल्या. परिणामी आमचे तमिळ मिस्त्री दोन महिन्यांत 'डावे', 'उजवे' आणि 'मागचे' हे शब्द वाचू लागले. या चिठ्ठ्यांमुळे वाचलेला वेळ मोजता येणार नाही. घरी हे काम करू इच्छिणाऱ्यांस एक विनंती आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. चार भक्कम घोड्यांवर ती प्रथम बसवावी. तसेच जुन्या ब्रेक-अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

आमच्यासमोर सर्वांत गंभीर बाब पत्र्याची होती. या गाडीला खाली वेगळा सांगाडा नाही. कवच हाच सांगाडा. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि खांब मिळून सारा भार पेलतात. म्हणून येथील गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे; तो झडला की गाडीचा कणाच मोडतो. दिवाळीपूर्वी रंगवून विकलेल्या अनेक जुन्या गाड्यांत गंजावर पुट्टी भरून वर चकचकीत रंग दिलेला असतो. पुट्टी पोकळी झाकते, भार घेत नाही. आम्ही सर्व तळ तारेच्या ब्रशाने घासून, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहिला. जेथे टोक आत गेले तेथे खडूने वर्तुळ काढले. अशी एकोणीस वर्तुळे झाली. मिस्त्रींनी पेट्रोलची टाकी व बॅटरी काढावयास लावून मगच वेल्डिंग सुरू केले, आणि एका वेळी एकच बाजू कापली. आतून आडवे आधार जोडून दोन्ही दारे बसतात की नाही हे प्रत्येक टप्प्यावर पाहिले. कारण दोन्ही बाजू एकदम कापल्या तर कवच मधोमध खचते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. चांगला पत्रा कापावयाचा नाही, कुजलेला ठेवावयाचा नाही, हा त्यांचा नियम आम्ही वहीत लिहून घेतला. पोकळ पट्ट्यांत शेवटी मेणमिश्रित गंजरोधक फवारले आणि त्यांच्या तळाची पाणी निथळण्याची भोके मोकळी केली. ही भोके बुजली की पाणी आतच राहते. आमच्या निम्म्या गंजाचे मूळ तेथे होते.

एंजिन तुलनेने सद्‌गुणी निघाले. चार सिलिंडर, 68 मिलिमीटर व्यास, 75 मिलिमीटर स्ट्रोक, एकूण 1089 घन सेंटिमीटर, आणि शक्ती सुमारे चाळीस अश्वशक्ती. आज लहानातली लहान मोटारही याहून जोरदार असते. उकलण्यापूर्वी सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. दोहोंत तो कमी आला. मग त्यांत चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजला. तेलाने दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या. न वाढला तर व्हॉल्व्ह गळका. एकात वाढला, एकात नाही. म्हणजे दोन्ही दुखणी होती. लेथवाल्याकडे सिलिंडर एक पायरी मोठे करून ओव्हरसाइज पिस्टन बसविले, बेअरिंगे बदलली, हेड सपाट करवून घेतले. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने व्हॉल्व्हच्या बैठका म्हणजे बाहेरून ठोकलेली कडी असतात. ती आम्ही कठीण पोलादाची बसविली. याचे कारण पेट्रोलात आहे.

ही गाडी जन्मली तेव्हा पेट्रोलात शिसे असे. व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसून झीज कमी होई. आरोग्यास घातक म्हणून 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु जुन्या मऊ बैठकांचे संरक्षण त्याबरोबर गेले. दुसरा बदल इथेनॉलचा. 2023 च्या फेब्रुवारीपासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि 2025 पर्यंत ते सर्वत्र झाले. आपल्या एंजिनाचे दाबाचे प्रमाण कमी असल्याने ठोका येण्याची भीती नाही. अडचण आहे ती रबराची. इथेनॉल जुन्या नळ्या, पंपाचा पडदा व कार्बुरेटरमधील रबर फुगवते आणि मऊ करते. हवेतील पाणी शोषून घेते, त्यामुळे टाकी आतून गंजते. शिवाय त्याच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने मिश्रण विरळ होते. म्हणून आम्ही टाकी आतून साफ करून तिला लेप दिला, सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, पंपाचा पडदा बदलला आणि कार्बुरेटरचे मुख्य जेट एक क्रमांकाने मोठे केले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो. रिकाम्या टाकीत ओलावा अधिक जमतो.

आता सुधारणांकडे येऊ. त्यांत अग्रपूजेचा मान ब्रेकचा. मूळ रचनेत चारही चाकांना ड्रमब्रेक आणि चारही चाकांकडे जाणारा दाब एकाच कप्प्यातून. एक नळी फुटली की सर्व ब्रेक जातात. आम्ही दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसविला, पुढची चाके एका कप्प्यावर, मागची दुसऱ्यावर. एक बाजू निकामी झाली तरी दुसरी गाडी थांबविते. सोबत एंजिनच्या निर्वाताने चालणारा बूस्टर घातला, म्हणजे पायाला जोर कमी लागतो. ड्रम तेच ठेवले, अस्तरे नवी केली, सर्व लोखंडी नळ्या बदलल्या. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलण्याची तारीख स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर लिहून ठेवतो. एकूण खर्चाच्या मानाने हा खर्च थोडा होता. परंतु पैसे अपुरे पडले असते तर रंग सोडून दिला असता, ब्रेक नव्हे.

नंतर वीज. जुन्या गाडीत डायनामो असतो. एंजिन मंद चालताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. 1975 साली माउंट रोडवर गाडी धावत असे. आज ती सिग्नलपाशी उभी असते. दिवे, वायपर व हॉर्न यांनी बॅटरी रिकामी होते. म्हणून अल्टरनेटर बसविला. तो मंद गतीतही बॅटरी भरतो. दिव्यांचा सर्व प्रवाह स्टिअरिंगजवळच्या नाजूक बटणातून जात असे. रिले बसवून तो प्रवाह जाड तारेतून थेट नेला. दिव्यांचा उजेड वाढला आणि बटण तापणे थांबले. सर्व तारा कन्येने नव्याने ओढल्या, प्रत्येक शाखेला स्वतंत्र फ्यूज दिला. प्लगला ठिणगी देणाऱ्या पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जोडणी आली. मूळ पॉइंट मात्र हातमोज्यांच्या कप्प्यात पानासह ठेवले आहेत. रस्त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू गेली की गेली. पॉइंट पानाने व घासकागदाने पुन्हा चालू करता येतात.

याशिवाय पाच नवे रेडियल टायर आणि पुढच्या बैठकीस, तळाच्या पत्र्यास जाड पोलादी पट्टी लावून, खांद्यावरून येणारे पट्टे. एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोलची पंपातच वाफ होऊन गाडी थांबणे हा या गाड्यांचा जुना खोड. पूर्वी टॅक्सीवाले पंपावर ओले फडके ठेवीत. आम्ही पेट्रोलची नळी एंजिनच्या उष्णतेपासून दूर नेली, तिला आवरण घातले आणि रेडिएटरपुढे विजेचा एक पंखा लावला. फडके मात्र परंपरा म्हणून बरोबर असते.

नाकारण्याच्या यादीत वातानुकूलन होते. चाळीस अश्वशक्तीतून त्याला वाटा देणे म्हणजे गरिबाघरी पाहुणा ठेवणे. दुसऱ्या मोटारीचे एंजिन बसविण्याचा सल्ला अनेकांनी दिला. चिरंजीवांचाही काही दिवस तोच आग्रह होता. एंजिन बदलावयाचे तर परिवहन खात्याची परवानगी, नवी नोंद आणि वाढलेल्या वेगाला पुरतील असे ब्रेक, स्टिअरिंग व आस हे सारेच बदलावे लागते. मग मूळची गाडी उरते कोठे? वहीतील हिशेब दाखविल्यावर त्यांनी स्वतःच आपला ठराव मागे घेतला.

सुट्या भागांची कथा स्वतंत्र आहे. आपल्या शहरातील पुदुपेट्टैची बाजारपेठ आपणांस ठाऊक आहेच. तेथील दुकानदार फियाटचे नाव काढताच प्रथम मान हलवून 'इल्लै' म्हणतात, आणि अर्ध्या तासाने आतून कागदात गुंडाळलेला भाग घेऊन येतात. परंतु फियाटचे खरे कोठार मुंबई, आणि त्यातही कुर्ला. ज्या उपनगरात गाडी जन्मली तेथेच तिचे अवशेषही विकले जातात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी हजारोंनी धावत होत्या तोवर बेअरिंग, बुश, क्लच-प्लेट असे भाग तयार करणाऱ्या लहान कारखान्यांना गिऱ्हाईक होते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. अखेरची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. साहजिकच 30 ऑक्टोबर 2023 पासून तिची जात रस्त्यावरून नाहीशी झाली. त्या दिवशी आमचे एंजिन सुटे होऊन व्हरांड्यात टेबलावर पडले होते. मातोश्रींनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारले, "आता सामान मिळेल का रे?" त्याच आठवड्यात आम्ही पुढील दहा वर्षांस पुरतील असे किरकोळ भाग एकदम मागविले. घरची गाडी जगावयाची तर बाहेर तिच्यासारख्या पुष्कळ गाड्या चालत असाव्या लागतात, हे सत्य त्या दिवशी उमगले.

त्यानंतर महिनाभरातच, 2023 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मिचौंग चक्रीवादळ आले. आवारात पुन्हा पाणी भरले. या खेपेस गाडी उंच घोड्यांवर होती, तिचे नवे तळ पाण्याच्या वर हातभर राहिले. रात्री दोनदा टॉर्च घेऊन आम्ही पाण्याची रेघ पाहून आलो. वेल्डिंगचे काम पावसाळ्यापूर्वी संपविण्याचा हट्ट मिस्त्रींनी धरला नसता, तर हे भाषण आज झाले नसते.

रंगाविषयी पुष्कळ वाद झाला. मुलांना लाल हवा होता. मातोश्रींनी मागच्या आसनाखालचा, उन्हाने न विटलेला पत्रा दाखवून "हा रंग" एवढेच सांगितले. तो फिकट राखी रंग त्या तुकड्याशी ताडून मिसळून घेतला. मग विषय संपला.

आता हिशेब. पत्रा व वेल्डिंग 48,000, रंग 35,000, एंजिन 32,000, ब्रेक, स्टिअरिंग व स्प्रिंगा 24,000, रबर, काचा व बैठका 21,000, टायर 18,000, वीज 17,500, टाकी, नळ्या व पंप 6,500, हत्यारे 9,000, किरकोळ 4,000. एकूण 2,15,000 रुपये. मंजूर मर्यादेत पाच हजार शिल्लक. नोंदणी व विम्याचा खर्च वेगळा. एवढ्या पैशांत बाजारात बऱ्यापैकी जुनी आधुनिक मोटार येते, हे आम्ही जाणतो. म्हणून कोणी काटकसरीसाठी या वाटेने जाऊ नये. ज्याच्या घरी असे काही आहे आणि ते टाकवत नाही, त्याने मात्र भिऊनही जाऊ नये.

नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी व प्रदूषणाचा दाखला हे सोपस्कार रीतसर उरकून 9 एप्रिल 2024 रोजी, गुढीपाडव्यास, गाडी रस्त्यावर आली. पहिल्या पाचशे किलोमीटरांत ताशी पन्नासवर जावयाचे नाही, मग तेल बदलावयाचे, असा मिस्त्रींचा दंडक होता. तो पुरा होताच मातोश्रींना पुढच्या बैठकीवर बसवून समुद्रकाठच्या रस्त्याने महाबलिपुरमला नेऊन आणले. आता ती आठवड्यातून तीनदा तरी निघते: भाजी आणावयास, दवाखान्यात, आणि आपल्या मंडळात. ताशी साठाच्या वर आम्ही तिला नेत नाही.

श्रोतेहो, मोटारीची कथा येथे संपते. परंतु हे व्यासपीठ मंडळाचे आहे, म्हणून एक विचार मांडून रजा घेतो. जीर्णोद्धार हा आपल्याकडे देवळांसाठी वापरला जाणारा शब्द आहे. जुन्या देवळाचा गाभारा कोणी हलवीत नाही. पण शिखर कोसळू लागले तर नवा चुना लावतात, दिवाबत्तीच्या जागी विजेचा दिवा येतो, आणि पूजा चालू राहते. पूजा थांबली की ते देऊळ पुरातत्त्वाचे होते. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांपुढे भाषा व रीतिरिवाज यांबाबत असेच तीन मार्ग असतात. टाकून द्यावे, काचेच्या कपाटात ठेवावे, किंवा रोज वापरावे. आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सवातील नाटकांची लांबी कमी केली, हळदीकुंकवाचे आमंत्रण पोस्टाऐवजी दूरध्वनीवर नेले, तमिळ सुनांसाठी व जावयांसाठी मराठीचे वर्ग काढले. कोणी म्हणाले, मूळ राहिले नाही. आम्हांस वाटते, मूळ कोणते आणि झीज कोणती हे टोचून पाहावे लागते. टोक आत गेले तेथे निःसंकोच कापावे. जेथे पत्रा खणखणीत आहे तेथे कात्री लावू नये. आणि वर नुसता रंग चढवून कधीही समाधान मानू नये.

दुसरे असे की, एकट्या घरात गाडी टिकत नाही. तिच्यासारख्या दुसऱ्या गाड्या, तिचे भाग बनविणारे हात आणि तिची भाषा समजणारे मिस्त्री आसपास लागतात. आमच्या मुलांचे मराठी घरात जगले याचे श्रेय घराइतकेच या सभागृहाचे आहे. येथे त्यांना ते बोलणारी दुसरी मुले भेटली. वस्तू जपण्याचा खर्च पैशांत मांडता येतो, आणि तो आम्ही मांडला. मंडळ जपण्याचा खर्च रविवारच्या सकाळींत द्यावा लागतो. तो ज्यांनी पन्नास वर्षे दिला त्या सर्वांस आमचे वंदन. पुढील पन्नास वर्षांचा वाटा आता आपल्या सर्वांच्या नावे निघाला आहे.